मनगटाला लागतंय

भाव पाडण्यात कोल्हापुरात माझा हात कुणी धरत नाही. हे मी स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाही. ज्यांच्याकडून मी पडक्या घरांची दारं, तुळया आणि चौकटी उचलल्या त्यांना विचारा, ते याहून वाईट शब्दांत सांगतील. कसबा बावड्याच्या रस्त्याला एका पत्र्याच्या आडोशाला जुनी लाकडं विकत मी सुरुवात केली आणि आज तिथंच माझं दुमजली फर्निचरचं दुकान आहे. समोरच्यानं आकडा सांगितला की तो खाली आणायचा, एवढंच मी आयुष्यभर केलं. एकच माणूस असा भेटला की त्याच्यापुढं मी तोंड उघडलं की आकडा वर जायचा.

उद्यमनगरात एका बंद पडलेल्या फौंड्रीच्या मागं त्यांची शेड होती. त्यांना सगळे मिस्त्री म्हणायचे. तसा आमच्या धंद्यात दर तिसरा माणूस मिस्त्रीच असतो, पण नाव न घेता नुसतं ‘मिस्त्रींच्या हातचं काम’ म्हटलं की ते यांचंच, हे लाकडातल्या कुणालाही कळायचं. पहिल्यांदा मी त्यांच्याकडं आंब्याची एक रुंद फळी घेऊन गेलो.

“हिला किती दिवस लागतील?”

“सात.”

“पाच करा की.”

“आठ.”

मला वाटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं. मी जवळ जाऊन म्हणालो, “पाच, मिस्त्री. पाच.”

“नऊ.”

“अहो, उलटं कुठं निघालाय?”

“तू बोलत ऱ्हाशील तंवर माझं काम थांबतंय. काम थांबलं की दिवस वाढतोय. धा करू?”

मी फळी तिथंच टेकवून निघालो. पैशाला मात्र त्यांनी कधी वाद घातला नाही. मी सांगेन त्याला मान हलवायचे, त्यामुळं माझी सगळी विद्या त्यांच्या दारात वाया जायची.

काम होतं रेझिनचं. दोन पातळ पदार्थ मिसळायचे, लाकडावर ओतायचे आणि ते काचेसारखं घट्ट व्हायची वाट बघायची. दोन फळ्यांच्या मधे निळी नदी वाहते आहे असली टेबलं लोक फोनवर बघून माझ्या दुकानात यायला लागले होते. मी आधी स्वतःच करून बघितलं. एवढ्यासाठी दुसऱ्याला कशाला पैसे द्यायचे? माझ्या त्या टेबलावर बुडबुडे होते, खड्डे होते, ब्रशचे केस होते आणि कडेला एक माशी होती, पाय वर केलेली. ते टेबल मी अजून विकलेलं नाही. त्यावर आमचं जेवणाचे डबे ठेवायचं काम चालतं.

मिस्त्रींचं आयुष्य फौंड्रीसाठी लाकडी नमुने करण्यात गेलेलं. तो नमुना वाळूत दाबून साचा उठवतात आणि साच्यात लोखंड ओततात. “नमुन्यावर एक चरा ऱ्हायला,” ते म्हणायचे, “तर हजार पंपांवर हजार चरे. सगळे माझे.” त्यामुळं खरखरीतपणाची त्यांना माणसाला सापाची असावी तशी भीती होती. फौंड्री बंद पडली, नमुने संपले, भीती तेवढी राहिली. ती त्यांनी माझ्या टेबलांवर काढली.

रेझिन ओतायचा दिवस म्हणजे शेडमधे ऑपरेशन असायचं. आदल्या दिवशी जमीन धुवायची. दाराला ओली पोती टांगायची, म्हणजे धूळ तिथंच अडते. पंखा बंद. लाकडाला आधी रेझिनचा पातळ हात देऊन ठेवलेला असायचा, कारण लाकूड श्वास सोडतं आणि त्याचे बुडबुडे वर येतात, असं त्यांचं म्हणणं. मला आत यायचं तर चपला बाहेर, हात साबणानं दोनदा धुवायचे, आणि डोक्याला तेल असेल तर आत यायचंच नाही. तेलाचं एक बोट लागलं की तिथं रेझिन बसत नाही, फाकतं आणि खड्डा पडतो. एकदा माझ्याबरोबर एक बडं गिऱ्हाईक आलं, अंगाला भरपूर पावडर लावून. मिस्त्रींनी त्याला अंगणात उभं केलं आणि ओल्या टॉवेलनं पुसायला सांगितलं. गिऱ्हाईक परत आलं नाही. मी भांडायला गेलो तर म्हणाले, “त्याची पावडर टेबलावर बसली असती, मग तूच आला असतास भांडायला. भांडण चुकत न्हवतं. टेबल वाचलं.”

मिसळण्याचा प्रकार तर बघण्यासारखा होता. रेझिनचा डबा गरम पाण्याच्या पातेल्यात बसवायचा, बाळाचं दूध कोमट करतात तसा. मग सोनाराच्या काट्यावर मोजून दोन्ही एकत्र करायचं आणि चपट्या काठीनं अगदी सावकाश ढवळायचं. घाई केली की हवा मिसळते. घड्याळ ते वापरत नसत. ढवळताना खासबाग मैदानातल्या एका कुस्तीची हकीकत सांगायचे, नेहमी तीच. सलामी, खडाखडी, पहिली पकड. कुस्ती बरोबरीत सुटली की मिश्रण तयार. मग ते दुसऱ्या भांड्यात ओतून पुन्हा थोडं ढवळायचं, कारण पहिल्या भांड्याच्या कडेचं कच्चं राहतं. एकदा दुसऱ्या पकडीच्या वेळी मी मधेच विचारलं की निळा रंग जरा जास्त होत नाही ना. त्यांनी काठी थांबवली. माझ्याकडं बघितलं. भांडं बाजूला ठेवून दिलं आणि नवं भांडं घेऊन सलामीपासून सुरुवात केली. वाया गेलेलं रेझिन माझं होतं, हे सांगायला नकोच.

आणि हे सगळं झाल्यावर, वर आलेल्या बुडबुड्यांवरून ज्योत फिरवून झाल्यावर, पुरतं वाळवून, पाणी मारत मारत एकाहून एक बारीक वॉटर पेपरनं घासून, पॉलिशचं कापड फिरवून झाल्यावर ते डोळे मिटायचे आणि मनगटाची आतली बाजू फळीवरून फिरवायचे. तळहात नाही. “तळहात कवाच मेलाय,” म्हणायचे, “आन् डोळा तर भुलतोयच.” मनगट एखाद्या जागी थांबायचं. मग तेच वाक्य, “मनगटाला लागतंय.” मी तिथं भिंग लावून बघितलं आहे, टॉर्च मारून बघितलं आहे. काही नसायचं. पण मिस्त्रींच्या मनगटाला लागलं म्हणजे तीन दिवस गेले.

माणसंही ते कागदाच्या नंबरानं मोजत. पॉलिश पेपरचा नंबर जेवढा मोठा तेवढा तो मऊ. शेजारचा लेथवाला ऐंशी नंबर, बँकेतला साहेब चारशे, मिस्त्रींची स्वतःची बायको दोन हजार. मी साठ. साठ नंबरानं लाकडाचं सालटं निघतं. हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं, मी रागानं शेडचा दरवाजा आपटल्यावर. छपरावरची सगळी धूळ नुकत्याच ओतलेल्या फळीवर पडली होती. ते ओरडले नाहीत. माझा नंबर सांगून झाल्यावर धुळीकडं बघून म्हणाले, “दिवस पहिला.”

आता माझी तक्रार सांगतो.

नृसिंहवाडीच्या रस्त्याला एका व्यापाऱ्यानं हॉटेल बांधलं. खाली जेवण, वर बावीस खोल्या. त्यांना सगळे अण्णा म्हणत. घर सीमेकडचं, आई कानडीच बोलायची, तिला अव्वा म्हणत. अण्णांना दारात दहा फुटांचा काउंटर हवा होता, त्यात कृष्णा आणि पंचगंगा अशा दोन निळ्या नद्या आणि मधे संगम. काउंटर मुहूर्ताला बसला तर बावीस खोल्यांचं फर्निचर माझं, नाही बसला तर सांगलीच्या माणसाचं. मी तारीख दिली. मिस्त्रींना न विचारता दिली, हे खरं आहे. पण तारखा सगळं जग असंच देतं.

मिस्त्रींनी काउंटर केला. जांभळाच्या तीन फळ्या, मधे दोन निळे पट्टे, जिथं मिळतात तिथं पाणी हलतंय असं वाटावं असा संगम. मी असलं काम आजवर बघितलेलं नाही आणि हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. शेवटचा थर ओतून तीन दिवस झाले होते. मुहूर्त उद्यावर.

“उद्या सकाळी न्यायचाय, मिस्त्री.”

“अजून चार दिवस. वरनं घट्ट वाटतंय, आत कच्चं हाय. मग कागद मारायचा.”

“चकचकीत दिसतंय की. कागद कशाला?”

“मुहूर्त पुढं ढकला म्हणावं.”

“मुहूर्त काय एस.टी. हाय व्हय? बावीस खोल्यांचं काम जातंय माझं.”

“पाच दिवस,” मिस्त्री म्हणाले.

दुपारी ते जेवायला घरी गेले. रोज जायचे, शेड उघडी टाकून. मी चार हमाल आणि टेम्पो घेऊन गेलो आणि काउंटर उचलला. चोरी म्हणायची तर म्हणा. लाकूड माझं, रेझिन माझं, गिऱ्हाईक माझं. त्यांचे फक्त चार दिवस होते.

मुहूर्त थाटात झाला. अण्णांनी लोकांना बोलावून काउंटरवरून हात फिरवायला लावला. कुणाचं काम, असं जो तो विचारत होता. मी छाती काढून म्हणालो, मिस्त्रींच्या हातचं. त्या नावाला वजन होतं आणि मला बावीस खोल्या हव्या होत्या. पूजा झाली, आरती झाली. अव्वांनी जळत्या कापराचं ताम्हण सगळ्यांपुढून फिरवलं आणि ठेवायला जागा बघितली. दहा फुटांचा काउंटर होता. त्यांनी ते बरोबर संगमावर ठेवलं. मग सगळे जेवायला बसले.

जेवणं झाल्यावर ताम्हण उचललं तर ते आधी निघेना. निघालं तेव्हा खाली त्याच्या बुडाचं गोल वर्तुळ उठलं होतं, नखभर खोल, आणि काठानं चार-पाच अक्षता रुतून बसलेल्या. बावीस खोल्या डोळ्यांपुढून सांगलीला निघाल्या. अव्वा वाकल्या, निरखून बघितलं आणि दोन्ही हात जोडले. “देवानं जागा धरली,” असं त्यांनी कानडीत म्हटल्याचं अण्णांनी मला सांगितलं. संगमावर, मुहूर्ताला, आपोआप उमटलेलं वर्तुळ. मी पण हात जोडले. दुसरं काय करणार होतो? फर्निचरचं काम मला मिळालं.

दोन दिवसांनी दुकानात एक पोतं येऊन पडलं. त्यात माझे उरलेले रेझिनचे डबे होते, झाकणं पुसून घट्ट लावलेली, आणि वर न वापरलेले वॉटर पेपर, नंबरवार लावून. मी नवी फळी घेऊन शेडवर गेलो.

“हिला किती दिवस?”

“न्हाय जमायचं, पावणं.”

पावणं. वाटेत एस.टी. स्टँड विचारणाऱ्या माणसाला म्हणतात तसं. मी चिडलो. वर्तुळाची गोष्ट त्यांच्या कानावर गेली असणार असं समजून म्हणालो, सात दिवसांनी जरी नेलं असतं तरी तापलेल्या ताम्हणानं डाग पडलाच असता. हे मी आजही म्हणतो. पण त्यांना काहीच माहीत नव्हतं. “कसला डाग?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते बराच वेळ हातातली काठी पुसत राहिले.

“सातव्या दिवशी मी संगं आलो असतो,” ते म्हणाले. “ताम्हणाखाली पाट ठिवला असता.”

मग वळून कामाला लागले. दोन वर्षं बोलले नाहीत. मी त्यांना काय कमी काम दिलं होतं? रेझिनची टेबलं शहरात माझ्या दुकानानं आणली, त्यांचं नाव जिल्हाभर मी केलं, आणि चार दिवसांपायी हा माणूस मला पावणं म्हणून मोकळा झाला. दुसऱ्या तीन कारागिरांकडं मी हिंडलो. पाच म्हटलं की ते चार म्हणायचे. कामंही तशीच कच्ची यायची.

मागच्या पौर्णिमेनंतरची गोष्ट. सकाळी दुकान उघडलं तर मिस्त्री पायरीवर बसलेले. बायकोला घेऊन नृसिंहवाडीला दर्शनाला गेले होते, येताना चहाला अण्णांच्या हॉटेलात थांबले. त्यांनी पहिल्यांदाच ते वर्तुळ डोळ्यांनी बघितलं होतं.

“तुमची वळख हाय तिथं,” ते म्हणाले. ‘तुमची.’ “माझ्यासंगं चला. मला तेवढं काढून द्यायचंय.”

मी टेम्पो काढला. हॉटेलात गर्दी होती. वाडीला जाणारी माणसं काउंटरपुढून जाताना संगमाला हात लावून कपाळाला लावत होती. वर्तुळात झेंडूचं फूल वाहिलेलं होतं. मिस्त्रींनी डोळे मिटले आणि एका टोकापासून मनगट फिरवत निघाले. पाच फूट ते कुठं थांबलं नाही. वर्तुळापाशी थांबलं. फूल त्यांनी हलवलं नाही.

“अण्णा, सात दिवस द्या,” ते म्हणाले. “पैल्यासारखं करून देतो. पैसे नकोत.”

“काउंटर सात दिवस झाकून ठिवला तर हॉटेल कसं चालवू, मिस्त्री?”

मी आठची वाट बघत होतो. खरं सांगतो, मला जरा गंमतच वाटत होती. आता अण्णांना कळेल म्हटलं.

“पाच द्या,” मिस्त्री म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं.

“न्हाय हो जमायचं.”

“तीन द्या. नुसतं घासतो आन् वरनं एक पातळ हात देतो.”

अण्णा हसून मान हलवत होते. मागं खुर्चीत अव्वा बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “इरली बिडू.” राहू दे म्हणून.

“एक दिवस,” मिस्त्री म्हणाले. “एका दिवसात निम्मं जाईल. निम्मं तरी जाईल.”

हा माणूस निम्म्यावर आला होता. बुडबुडा दिसला तर अख्खा थर खरवडून काढणारा. त्यांना एकदा तरी खाली उतरलेलं बघावं म्हणून मी किती दिवस जळत होतो. त्या दिवशी दुकानात पेढे वाटीन असं मी बायकोला सांगून ठेवलं होतं. आणि आता ते उतरत होते, सातावरून पाचावर, पाचावरून तीनवर, आणि मला ते बघवत नव्हतं. भाव कसा करतात तेही त्यांना येत नव्हतं. आधीच पैसे नकोत म्हणून बसले होते.

“देवाची जागा हाय ती आता,” अण्णा म्हणाले. “लोक फूल वाहत्यात. घासली तर अव्वा मला घरात घ्यायची न्हाय.”

“मग माझं नाव तेवढं सांगू नका.”

“असं कसं? लोक हात फिरवत्यात आन् इचारत्यात, कुणाचं काम. मिस्त्रींचं म्हणून सांगतो. तुमचा मानच हाय की त्यात.”

माझं डोकं फिरलं. मी काउंटरवर हात आपटला. “त्यांचं काम न्हायच हे,” मी म्हणालो. “मी केलंय. खपावं म्हणून नाव त्यांचं सांगितलंतं. ह्याच्यापुढं कुणी इचारलं तर माझं सांगा.”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग काउंटरवरून तळहात फिरवला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश.

“शेठ,” ते म्हणाले, “वरच्या खोलीतल्या तुमच्या कपाटानं माझ्या बायकोच्या बोटात कुसळ घातलंय. डॉक्टरकडं न्यावं लागलं. आन् हे म्हणं तुम्ही केलंय.”

गल्ल्यावरचा माणूस हसला. काय झालं ते अण्णांनी अव्वांना कानडीत सांगितलं, मग त्याही हसल्या. आम्हाला दोन चहा पाजून त्यांनी वाटेला लावलं.

परतीच्या वाटेवर मी अण्णांना, कपाट करणाऱ्या कारागिराला आणि सांगलीच्या माणसालाही भरपूर शिव्या दिल्या. मिस्त्री बाहेर बघत होते. आभार वगैरे काही नाही. शहर जवळ आल्यावर म्हणाले, “साठचा एकशेवीस झालास.”

एकशेवीस नंबरानंही ओरखडेच पडतात.

शेडपाशी ते उतरले, धोतर झटकलं आणि टेम्पोच्या मागच्या बाजूला गेले. तिथं माझी फणसाची एक फळी पडली होती, आठवड्यापासून, कुठल्या कारागिराला द्यावी ते ठरत नव्हतं. त्यांनी डोळे मिटून तिच्यावरून मनगट फिरवलं.

“हिला किती दिवस लागतील?” मी खिडकीतून विचारलं.

“सात.”

“पाच करा की.”

“आठ.”

मी हमालाची वाट न बघता फळी स्वतःच खांद्यावर घेऊन आत ठेवली, चपला बाहेर काढून, आणि टेम्पो सुरू केला. नऊ व्हायच्या आत.